पोटातली गाठ निघाली अ‍ॅक्टिनोमायकोसिसची. वर्षभर गोळ्या खरंच लागतात का?

आर्णीचा धाकटा
नमस्कार मंडळी. एवढे दिवस नुसतं वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहून रायलो. माझ्या मोठ्या भावाचं मागच्या वर्षी अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा ऑपरेशन झालं आणि सगळं ठीक वाटलं. यंदा पोळ्याच्या सुमारास उजव्या बाजूला खाली बेंबीच्या तिरपं एक टणक गाठ हाताला लागायला लागली. संध्याकाळी बारीक ताप, जेवण कमी, वजन उतरत चाललं, पँटी ढिल्या व्हायला लागल्या. सोनोग्राफी झाली, मग नागपूरला सीटी झाला. एक डॉक्टर म्हणे टीबी असेल, दुसरे म्हणे कॅन्सरची शंका आहे. टीबीच्या गोळ्या सुरू केल्या पण दसरा गेला तरी गाठ तशीच, उलट मोठी. शेवटी दिवाळीनंतर पोट उघडलं, मोठ्या आतड्याचा उजवा तुकडा काढला. घरच्यांनी कॅन्सरचीच तयारी केली होती. रिपोर्ट आला तर त्यात "अ‍ॅक्टिनोमायकोसिस". कॅन्सर नाही, टीबी नाही.

त्यानंतर काही आठवडे वॉर्डात दिवसातून कितीतरी वेळा पेनिसिलिनची इंजेक्शनं चालली. आता घरी आलाय आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलंय, सहा महिने ते वर्षभर खायचं म्हणे. दादा आता चांगला जेवते, वावरात चक्कर मारते आणि म्हणते की गाठ काढली, आता कायले खाऊ एवढ्या गोळ्या. वर गावात चर्चा की आमच्या बैलाच्या जबड्याले गाठ होती त्याच्यापासूनच हे लागलं. शेजारचे लोक दादाच्या हातचं पाणी प्यायला कचरतात, आणि बाबा बैल विकायच्या गोष्टी करून रायले.

मला विचारायचंय ते एवढंच की हा रोग बैलापासून येतो का, माणसापासून माणसाला होतो का, आणि गोळ्या एवढे दिवस खरंच लागतात की मधेच थांबवल्या तर चालते. कोणाच्या घरी हे झालंय का?

कापूसवाला
नावच पहिल्यांदा ऐकलं. वाचतोय. दादाले लवकर बरं वाटो.

संत्राबाग, वरूड
भाऊ, गोळ्या बंद करू नका, एवढं तर मी डॉक्टर नसून सांगू शकतो. बाकीचं जाणकार सांगतील.

नागपुरी
माझ्या साळ्याला अगदी अशीच उजवीकडे गाठ होती, ती टीबीचीच निघाली आणि टीबीच्या गोळ्यांनी विरघळली. म्हणून टीबी म्हणणारा डॉक्टर चुकीचा होता असं लगेच म्हणू नये, आपल्याकडे आतड्याचा टीबी भरपूर आहे.

खेडेगावचा डॉक्टर
धाकटेभाऊ, मी तालुक्याच्या ठिकाणी वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करतो, सर्जन नाही, फिजिशियन आहे. हा आजार फार कमी दिसतो. सविस्तर लिहितो कारण अर्धवट माहितीनेच लोक गोळ्या सोडतात.

हा जंतू बाहेरून येत नाही. अ‍ॅक्टिनोमायसिस इस्राएली हे त्याचं नाव, आणि तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या तोंडात, दातांच्या फटीत, आतड्यात आणि बायकांच्या जननमार्गात राहतो. काही करत नाही. पण आतड्याचं आतलं अस्तर फाटलं, म्हणजे अपेंडिक्स फुटलं, ऑपरेशन झालं, माशाचा काटा टोचला, की तो अस्तराच्या पलीकडे जातो. तिथे ऑक्सिजन कमी असला की त्याला बरं, तो तिथे हळूहळू वाढतो. म्हणूनच तुमच्या दादाचं अपेंडिक्स मागच्या वर्षी फुटलं आणि गाठ यंदा दिसली. मधले महिने तो आतच होता. पोटात हा आजार सगळ्यात जास्त सापडतो तो लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथेच, उजवीकडे खाली. आणि नेमकी तीच जागा टीबीची, तीच क्रोन्स रोगाची (आतड्याला सूज येण्याचा एक जुनाट आजार), तीच कॅन्सरचीही.

सीटीत दिसते ती एक घट्ट, आजूबाजूला घुसणारी गाठ. हा जंतू अवयवांची हद्द पाळत नाही, आतड्यातून पोटाच्या भिंतीत, तिथून कातडीपर्यंत वाट काढतो. कॅन्सरही तसाच दिसतो. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ईएसआर (अंगात सूज असल्याचं दाखवणारी रक्ताची तपासणी) वाढलेला, हिमोग्लोबिन कमी, पण यातलं काहीच फक्त याच आजाराचं नाही. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी निदान शंभरातल्या दहा जणांचंही होत नाही. तुमच्या डॉक्टरांना कॅन्सर वाटला यात नवल नाही.

माणसापासून माणसाला होत नाही. दादाच्या हातचं पाणी, ताट, टॉवेल, काहीच नाही. हे शेजाऱ्यांना माझ्यातर्फे सांगा.

गोळ्यांचं सांगतो थोड्या वेळाने, ओपीडीत जातो.

खर्रामुक्त
डॉक्टरसाहेब, दाताच्या फटीत राहतो म्हणता, मग आपल्या भागातल्या खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांचं काय? दादा खर्रा खातात का धाकटेभाऊ?

आर्णीचा धाकटा
खात होते. ऑपरेशनपासून बंद आहे, वहिनीची नजर आहे.

लॅबवाली ताई
मी जिल्ह्याच्या ठिकाणी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त नमुन्याबद्दल सांगते कारण याच जागेवर निदान हुकतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा सहसा पूर्णच्या पूर्ण फॉर्मेलिनच्या डब्यात टाकतात. बायोप्सीसाठी ते बरोबर आहे. पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो, मग त्याचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, होणार कुठून? पू निघाला असेल तर तो सिरिंजमध्ये ओढून, आतली हवा काढून, टोपण लावून, लगेच लॅबला पाठवायला पाहिजे, आणि फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. नुसता कापसाचा स्वॅब पाठवला तर हे हवा नको असणारे जंतू बहुतेक वेळा उगवतच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिठ्ठीवर लिहायचं की अ‍ॅक्टिनोमायसिसची शंका आहे. नेहमीचं कल्चर दोन दिवसांत "वाढ नाही" म्हणून बंद होतं. हा जंतू आठवड्याने, कधी दोन-तीन आठवड्यांनी उगवतो. शंका लिहिली असली तर आम्ही प्लेट ठेवतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हा दिसला की ओळखू येतो. मधे पूभरल्या भागात गोल कण, त्याच्या कडेने बाहेरच्या दिशेने निघालेले बारीक धागे. हे कण कधी कधी पुवातून नुसत्या डोळ्यांनाही दिसतात, पिवळे, वाळूसारखे. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवून बघायच्या एका पद्धतीत, निळे-जांभळे, फांद्या फुटलेले धागे येतात. टीबीसाठी करतात तो स्टेन यात निगेटिव्ह येतो. नोकार्डिया म्हणून एक सारखाच दिसणारा जंतू आहे, तो त्या स्टेनमध्ये थोडा रंग धरतो, म्हणून दोन्ही स्टेन करून बघावे लागतात.

धाकटेभाऊ, रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. पुढे दुसऱ्या कोणाला दाखवायचं झालं तर तेच लागतात.

कापूसवाला
स्लाइड मागता येतात हे माहीतच नव्हतं.

वऱ्हाडी काका
हो बावा, मागता येतात. आमच्या बायकोच्या छातीच्या गाठीच्या वेळी मुंबईले नेल्या होत्या. लॅबवाल्यानं कागदावर सही घेतली आणि देल्ल्या.

गुरांचा डॉक्टर
बैलाची बाजू मांडायला आलो आहे, कारण बिचारा विकला जाईल.

धाकटेभाऊ, बैलाच्या जबड्याची टणक, हाडाला चिकटलेली, न हलणारी गाठ असते तिचं कारण याच कुळातला जंतू आहे पण वेगळी जात, अ‍ॅक्टिनोमायसिस बोव्हिस. तो बैलाच्याच तोंडात राहतो. कुटारातली काडी, तुरीची फणकटं, गव्हाच्या कुसळासारखं काही हिरडीत टोचलं की तो आत घुसतो आणि जबड्याचं हाड पोखरतो. १८७७ मध्ये बोलिंजर यांनी हा गुरांमध्ये दाखवला आणि पुढच्याच वर्षी, १८७८ मध्ये, जेम्स इस्राएल यांनी माणसातला आजार वर्णन केला, म्हणून माणसातल्या जंतूला त्यांचं नाव आहे. पूर्वी लोकांना वाटायचंच की माणसाला तो गुरांपासून किंवा गवताची काडी चावल्याने होतो. तो समज कधीच मागे पडलाय, तुमच्या गावात तेवढा अजून टिकून आहे.

बैलाला आयोडाइडचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक देतात, लवकर सुरू केलं तर वाढ थांबते. झालेला हाडाचा आकार मागे जात नाही. आणि हो, लम्पीशी याचा काही संबंध नाही, लम्पी विषाणूचा आजार आहे, अंगभर गाठी येतात.

तर बैल विकायचा असेल तर दुसऱ्या कारणासाठी विका.

संत्राबाग, वरूड
बैल निर्दोष सुटला :) बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

आर्णीचा धाकटा
आताच वाचून दाखवला. बाबा म्हणाले डॉक्टर पक्का आहे का? मी म्हटलं गुरांचाच आहे. मग काही बोलले नाहीत, पण गोठ्यात जाऊन आले.

पुसदची काकू
डॉक्टरांनी बायकांच्या जननमार्गाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. असलं कोणी बोलत नाही पण बोलायला पाहिजे. माझ्या जावेला दुसऱ्या बाळानंतर तांबी (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) बसवली होती. त्यानंतर ती विसरूनच गेली, मुलगा कॉलेजात गेला तरी आतच. मग ओटीपोटात दुखणं, अंगावरून घाण वास येणारं पांढरं जाणं, ताप. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ म्हणाले, कॅन्सरचं मार्कर थोडं वाढलेलं आलं. गर्भाशय आणि दोन्हीकडचं सगळं काढलं. रिपोर्टमध्ये हेच नाव, अ‍ॅक्टिनोमायकोसिस. त्यावेळी आम्हाला कोणी सांगितलं नाही की तांबीचा याच्याशी संबंध आहे, पुढे दुसऱ्या बाईंनी सांगितलं. तिलाही पुढे खूप महिने गोळ्या होत्या, आता ती छान आहे, मोसमात कापूस वेचते.

बायांनो, तांबी कधी बसवली ते लिहून ठेवा आणि मुदत संपली की काढून घ्या.

खेडेगावचा डॉक्टर
काकू, फार चांगलं केलं लिहिलं. जोडतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८० ए तांबी १० वर्षांसाठी असते. तेवढी वर्षं ते सुरक्षित साधन आहे, उगाच घाबरून काढायला धावू नका. फार लांबलेली, विसरलेली तांबी हा धोका आहे. आणि दुसरी गोष्ट, कधी पॅप स्मिअरच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) रिपोर्टमध्ये नुसतं अ‍ॅक्टिनोमायसिस दिसलं असं येतं आणि बाईला काहीच त्रास नसतो. अशा वेळी औषधाची गरज नसते. त्रास असेल, दुखत असेल, ताप असेल तर तांबी काढायची आणि उपचार करायचा.

आता गोळ्यांचं. धाकटेभाऊ, नीट वाचा.

हा जंतू पेनिसिलिनला पूर्ण बळी पडतो. पण गाठीच्या आत घट्ट तंतूंचं आवरण असतं, रक्तपुरवठा कमी, औषध आत पोचायला वेळ लागतो. म्हणून आधी शिरेतून मोठा डोस, दिवसाला साधारण १.८ ते २.४ कोटी युनिट, दोन ते सहा आठवडे, आणि मग तोंडाने पेनिसिलिन व्ही किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन सहा ते बारा महिने. ही ठरलेली पद्धत आहे. मधे सोडलं तर महिन्यांनी परत उगवल्याची उदाहरणं खूप आहेत, आणि परत आला की पोटाच्या भिंतीतून भोक पडून पू वाहायला लागतो.

सडेतोड
मी जरा वेगळं म्हणतो. दादाच्या केसमध्ये गाठ पूर्ण काढली गेली आहे. मग वर्षभर अँटिबायोटिक हे जास्तच नाही का? आपल्याकडे आधीच अँटिबायोटिकचा अतिरेक चाललाय, प्रतिकारशक्ती तयार झालेले जंतू वाढताहेत. आणि दुसरं, जर हा पेनिसिलिननेच बरा होतो तर आतड्याचा तुकडा कापायची काय गरज होती? आधीच पेनिसिलिन दिलं असतं तर पोट फाडावं लागलं नसतं.

खेडेगावचा डॉक्टर
सडेतोडसाहेब, दोन्ही मुद्दे चांगले आहेत. पहिल्याबद्दल, हो, गाठ पूर्ण काढली गेली असेल तर कमी मुदत, तीन महिन्यांच्या आसपास, पुरल्याचे अनुभव आहेत. पण "पूर्ण काढली" हे कोण ठरवणार? सर्जनने ऑपरेशनच्या नोंदीत काय लिहिलंय, कडा मोकळ्या होत्या का, पोटाच्या भिंतीत घुसलेलं काही मागे राहिलं का, हे बघूनच. दादाच्या घरी बसून ते ठरणार नाही. दादांनी सर्जनला विचारावं, आणि थांबवण्याच्या आधी एकदा सीटी किंवा निदान सोनोग्राफी करून बघावी.

दुसऱ्याबद्दल, गाठीतला तुकडा हाती आल्याशिवाय कॅन्सर नाही हे कोण म्हणणार होतं? सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढून बघता येतो, आणि जिथे तशी सोय आहे तिथे आधी ते करावं, या मताचा मी आहे. पण सुईत कण सापडेलच असं नाही. चाळिशीपुढचा माणूस, वजन उतरलेलं, आतड्याच्या कॅन्सरच्या जागेवर गाठ, आतडं अडत चाललेलं, अशा वेळी सर्जनने पोट उघडलं तर मी त्याला दोष देणार नाही.

सडेतोड
आतडं अडत होतं हे धाकट्यांनी लिहिलं नव्हतं. तसं असेल तर माझा दुसरा मुद्दा मागे. पहिल्यावर मी कायम आहे की मुदत माणूस बघून ठरवावी, सरसकट वर्ष नको.

आर्णीचा धाकटा
हो, शेवटी शेवटी उलट्या व्हायच्या आणि पोट फुगायचं. लिहायचं राहिलं.

धानवाला, भंडारा
अवांतर होईल पण जवळचंच आहे म्हणून लिहितो. आमच्या मामांना बांधावर काम करताना पावसाळ्यात ताप आला, जाईना. साखर आहे त्यांना. सोनोग्राफीत प्लीहेत आणि यकृतात पुवाच्या गाठी. त्यांनाही आधी टीबीच्याच गोळ्या सुरू केल्या होत्या. रक्ताच्या कल्चरमध्ये "स्यूडोमोनास" आला आणि कोणी म्हणालं की दूषित नमुना असेल. एका तरुण मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमनी परत बघितलं, तर मेलिऑइडोसिस निघाला. त्याचा जंतू मातीत आणि धानाच्या बांधीतल्या पाण्यात राहतो म्हणे. सेफ्टाझिडीम शिरेतून कितीतरी आठवडे, आणि मग सेप्ट्रानच्या गोळ्या तीन महिने. त्यांचंही असंच, बरं वाटलं की गोळ्या सोडायच्या गोष्टी.

लॅबवाली ताई
धानवाले, अवांतर अजिबात नाही. हा जंतू सूक्ष्मदर्शकात दोन्ही टोकांना रंग धरतो, जेंटामायसिनला दाद देत नाही पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला बहुतेक वेळा देतो. हे एकत्र दिसलं की लॅबने थांबून परत बघायला हवं. १९११ मध्ये रंगूनला व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा आजार पहिल्यांदा ओळखला, कृष्णस्वामी आपलेच, पण त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे! साखर असलेल्या धान शेतकऱ्याला पावसाळ्यात लांबलेला ताप आला तर डॉक्टरांना मातीत-पाण्यात काम करतो हे आवर्जून सांगायचं. आणि बांधीत उतरताना पायाला जखम असेल तर गमबूट घालायचे.

धानवाला, भंडारा
गमबूट घालून रोवणी होत नाही ताई, चिखलात रुतून बसतात. पण जखम असली तर उतरायचं नाही, हे पटलं.

नागपुरी
परत टीबीवर येतो. डॉक्टर, मग टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आधी काय विचारायचं?

खेडेगावचा डॉक्टर
विचारायचं, "तुकडा किंवा पू काढून सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू शोधायची तपासणी, केलं का?" सरकारी दवाखान्यात फुकट होतं. पण एक लक्षात ठेवा, पोटाच्या टीबीत सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच असं होत नाही, तिथे जंतू कमी असतात. म्हणून कधी कधी लक्षणांवरून औषध सुरू करावं लागतं आणि तेही चूक नाही. पण मग दीड-दोन महिन्यांत वजन वाढायला हवं, ताप जायला हवा. तसं झालं नाही तर तीच गोळी पुढे ढकलत न बसता निदान परत तपासायचं.

मोझरीकर
माझ्या बहिणीला हृदयाच्या व्हॉल्व्हचा आजार आहे, तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन देतात. दादालाही तसं महिन्यातून एकदा दिलं तर गोळ्यांची कटकट राहणार नाही ना?

खेडेगावचा डॉक्टर
नाही चालणार. ते बेंझाथिन पेनिसिलिन, मोठ्या माणसाला १२ लाख युनिट, आणि ते तीन आठवडे थोडं थोडं रक्तात उतरतं. घशातल्या ज्या जंतूच्या लागणीमुळे पुढे व्हॉल्व्ह बिघडतात तो रोखायला तेवढं पुरतं. इथे सुरुवातीला दिवसाला दोन कोटीच्या आसपास युनिट लागतात, त्यावरून अंदाज करा. बहिणीचं मात्र चुकवू नका.

वॉर्डात राहणं ज्यांना जमत नाही त्यांना दिवसातून एकदा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात घेऊन घरी जाता येतं, काही ठिकाणी तसं करतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असली तर डॉक्सीसायक्लिन आहे, क्लिंडामायसिन आहे. मेट्रोनिडाझोल या जंतूवर चालत नाही, आणि पोटदुखीत आपल्याकडे पहिली गोळी तीच दिली जाते.

वऱ्हाडी काका
आमच्या इकडं एक वैद्य हाये, पोटातल्या गाठीवर एरंडेल आन् काढा देते. पुष्कळ लोकाले गुण येते म्हनते. गोळ्यासंगं घेतलं तं काय बिघडते?

लॅबवाली ताई
काका, आतडं नुकतंच कापून जोडलंय. एरंडेलाने जुलाब होतील आणि अ‍ॅमॉक्सिसिलिननेही काहींना पातळ होतं. दोन्ही एकत्र म्हणजे माणूस अंथरुणाला लागेल. काढ्यात काय आहे तेही कोणाला माहीत नाही. कृपया नको.

वऱ्हाडी काका
बरं ताई. तुमी म्हनता तं नाही.

दारव्ह्याचा शेतकरी
मी एवढं सांगतो धाकट्या, की वावरातली हरळी वरून खुरपली तर पंधरा दिवसांत परत हिरवी होते, कारण मुळी खालीच असते. तुझ्या दादाची गाठ कापली म्हणजे वरचं खुरपलं असं समज. टीबीच्या गोळ्या मधे सोडणाऱ्या माझ्या दोन सोबत्यांना मी गमावलं आहे, म्हणून जीव तोडून सांगतो. सर्जनला विचारल्याशिवाय एक गोळीही सोडू देऊ नको.

आर्णीचा धाकटा
तुमचा प्रतिसाद दादाला मोबाइलवर दिला, त्याने दोनदा वाचला.

पैशाचं कोणी सांगेल का? ऑपरेशन महात्मा फुले योजनेत झालं, पण घरच्या गोळ्या आता खिशातून चालल्या आहेत. वर्षभर म्हणजे कापसाचा भाव बघता भारीच.

खर्रामुक्त
जनऔषधी केंद्रात बघा. अ‍ॅमॉक्सिसिलिन जुनं औषध आहे, तिथे बाजारातल्या ब्रँडपेक्षा खूपच स्वस्त पडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हे कॅप्सूल असतात, डिस्चार्ज कार्ड घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. आणि ज्या हॉस्पिटलात योजनेत ऑपरेशन झालं तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की पुढच्या तपासण्या योजनेत बसतात का. आपण विचारत नाही म्हणून आपोआप कोणी सांगत नाही.

आणि दादांना म्हणावं खर्रा बंद म्हणजे बंद. तो परत सुरू झाला तर दात-हिरड्या सडतात आणि या जंतूला तोंडातच घर मिळतं.

गुरांचा डॉक्टर
सहमत. आणि दाताच्या डॉक्टरकडे एकदा नेऊन किडके दात दाखवा. या आजारात सगळ्यात जास्त वेळा लागण होते ती जबड्यात आणि मानेतच, माणसालासुद्धा.

पुसदची काकू
गोळ्या घेताना पोट बिघडलं तर ताक-भात द्या, माझ्या जावेला त्याने बरं वाटायचं. तोंड आलं, जिभेवर पांढरं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. तिला तसं झालं होतं, बुरशी होती, औषधाने गेली.

खेडेगावचा डॉक्टर
अंगावर चट्टे उठले, ओठ सुजले, दम लागला तर लगेच गोळी थांबवून दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. जुलाब खूप आणि रक्ताचे झाले तर तेही.

आर्णीचा धाकटा
मंडळी, उशीर झाला, तुरीचा हंगाम होता.

सर्जनकडे जाऊन आलो. ऑपरेशनची नोंद वाचून त्यांनी सांगितलं की पोटाच्या भिंतीला चिकटलेला भाग खरवडून काढला होता पण तिथे थोडं मागे राहिलं असण्याची शक्यता आहे, म्हणून सहा महिने तर पक्के, मग सीटी, आणि सीटी बघून पुढे वाढवायचं की थांबवायचं. सडेतोडसाहेब, तुमचं आणि डॉक्टरांचं दोघांचंही त्यात आलं. टीबीच्या गोळ्या पूर्ण बंद करायला सांगितल्या. स्लाइड आणि ब्लॉक मागितले, मिळाले, घरात बॅगेत ठेवलेत.

दादाने सांगितलं की सहा महिने खाईन, कुरकुर करणार नाही. वहिनीने कॅलेंडरवर सकाळ-दुपार-रात्र अशा खुणा करायला सुरुवात केली आहे. शेजारच्या काकांना डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला, काल ते आमच्याकडे चहा प्यायले.

एक नवीन शंका आहे. जुन्या टाक्याच्या बाजूला एक बारीक फोड आलाय, लाल, दाबलं तर थोडं पाणी निघतं. टाक्याचंच असेल का?

लॅबवाली ताई
तो फोडू नका आणि त्यावर काही लावू नका. उद्या सकाळीच सर्जनकडे न्या. पू निघाला तर सिरिंजमध्ये घ्यायला सांगा, चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहायला सांगा, आणि पुवात पिवळे कण दिसतात का ते बघायला सांगा.

खेडेगावचा डॉक्टर
ताईंशी पूर्ण सहमत. टाक्याचा साधा फोड असण्याचीच शक्यता जास्त, पण या आजारात तपासल्याशिवाय सोडायचा नाही. गोळ्या चालू ठेवा, त्यात खंड नको. डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे नक्की लिहा.

आर्णीचा धाकटा
हो जी. सकाळच्या पहिल्या एसटीने निघतो.